बाबांचा नेटबुक आणि अर्धा ‘म’

दिवाळीच्या साफसफाईत माहेरी, रामबागेतल्या घरात, माळ्यावरून बाबांचा जुना नेटबुक, म्हणजे छोटा लॅपटॉप, खाली आला. दहा इंची पडदा, ॲटम एन 270 प्रोसेसर, 1 जीबी रॅम. त्यावर अजून विंडोज एक्सपीच होतं. 2014 च्या एप्रिलमध्ये एक्सपीचे अपडेट थांबले, पुढे एकेक साइट उघडेनाशी झाली आणि कधीतरी तो जुन्या चादरीत गुंडाळून वर गेला. त्याच्याबरोबर बाबांचं लिहिणंही थांबलं.

हे मला फार लागलं होतं. बाबा हिंदी टाइपरायटरवर शिकलेले, अख्खी नोकरी त्यावरच गेली. त्या पद्धतीत ‘कि’ लिहायचं तर पहिली वेलांटी आधी आणि क नंतर. फोनवर बरोबर उलटं. ऐंशीच्या घरातल्या माणसाच्या बोटांना पन्नास वर्षांची सवय मोडा असं कोणत्या तोंडानं सांगायचं? नव्या लॅपटॉपचं विचारलं तर म्हणाले, “राहू दे गं, आता माझं काय लिहायचं राहिलंय.”

मी नेटबुक पिशवीत घातला आणि घरी घेऊन आले.

एन 270 हा 32 बिटचा, म्हणजे जुन्या घडणीचा प्रोसेसर. विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट प्रणाली घालून बघायची ठरवली. नव्या लिनक्सपैकी बहुतेकांनी 32 बिट सोडून दिलंय. डेबियन हा त्यातला एक जुना प्रकार, तोसुद्धा 2025 च्या ऑगस्टमध्ये आलेल्या 13 व्या आवृत्तीपासून अशा मशीनसाठी इन्स्टॉलर देत नाही. पण डेबियन 12 वर बांधलेलं अँटिक्स 23 हे हलकं लिनक्स अजून 32 बिटमध्ये मिळतं. किमान 512 एमबी रॅम असावी आणि डिस्कवर 7 जीबी जागा, एवढंच ते मागतं. पेनड्राइव्हवरून थेट चालतं, त्यामुळे डिस्कला हात न लावता आधी बघता येतं. पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात रॅमचा आकडा दिसत होता: 200 एमबीच्याही आत. मी मिनिटभर त्या आकड्याकडेच बघत बसले. म्हणजे मशीन थकलेलं नव्हतंच, त्याच्या पाठीवरचं ओझं वाढलं होतं.

वायफाय जोडलं, तरी एकही साइट उघडेना. सगळीकडे प्रमाणपत्राची, म्हणजे साइट खरी असल्याच्या डिजिटल दाखल्याची, तक्रार. तासभर वायफायमागे लागले आणि मग सहज घड्याळाकडे लक्ष गेलं. 2008 साल! आतला नाण्याएवढा सेल संपला होता, त्यामुळे बंद केलं की तारीख मागे जायची. मशीन 2008 मध्ये आहे म्हटल्यावर आजच्या साइटचं प्रमाणपत्र त्याला ‘अजून लागू न झालेलं’ वाटणारच. तारीख बदलली, सगळं उघडलं. तुमच्या जुन्या मशीनवर असं झालं तर आधी घड्याळ बघा.

इन्स्टॉल करताना खिडकी 600 पिक्सेलच्या पडद्यात मावेना, पुढे जायचं बटण खाली लपलेलं. ऑल्ट दाबून माउसनं खिडकीच वर ओढली. बाकी काही अडलं नाही.

डिस्क पुसण्याआधी बाबांच्या सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या होत्या. पहिली लिबरऑफिसमध्ये, म्हणजे लिहिण्याच्या फुकट प्रोग्रॅममध्ये, उघडली आणि पोटात गोळा आला. पानभर नुसती इंग्रजी अक्षरं. ‘मराठी’ या शब्दाच्या जागी ई, जे, के, बी, एच. बाबांनी सगळं कृतिदेव फाँटमध्ये लिहिलेलं. त्यात अक्षरांचा साठा इंग्रजीच असतो, देवनागरी दिसते ती फाँटमुळे. नशीब, एक्सपीच्या फाँटच्या फोल्डरमधून कृतिदेवची फाइलही मी उचलली होती. ती लिनक्सच्या ‘होम’ फोल्डरमधल्या फाँटच्या लपलेल्या फोल्डरमध्ये टाकली, लिबरऑफिस बंद करून पुन्हा उघडलं, आणि बाबांची वाक्यं जागच्या जागी आली. रामबागेतला त्यांचा वाडा, आजीची शेगडी, श्रावणातली भिजलेली ओसरी.

रविवारी नेटबुक त्यांच्यापुढे ठेवला. कळफलकाचं काहीच बदलावं लागलं नाही, कृतिदेव निवडला की टाइपरायटरचीच जागा. बाबांनी चष्मा पुसला, दोन्ही हात ठेवले आणि पडद्याकडे न बघता एक ओळ लिहून काढली. मग थांबले. “हा म अर्धा का पडतोय?”

खरंच, परिच्छेदाचं पहिलंच अक्षर अर्धं. लिबरऑफिस पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतं, आणि कृतिदेवमध्ये छोटा ई म्हणजे म, मोठा ई म्हणजे अर्धा म. ऑटोकरेक्टमधली ती खूण काढली. शब्दांखालच्या लाल रेघाही बंद केल्या, नाहीतर अख्खं पान चुकीचं दिसतं.

व्हिडिओचं सांगते: यूट्यूब या मशीनवर बघण्यासारखं चालत नाही, फायरफॉक्स उघडायलाही वेळ घेतं. बाबांना त्याचं काही नाही. एमपी3 मधली गाणी छान वाजतात, ती मागे लावून ते लिहितात.

डेबियन 12 ला 2028 च्या जूनपर्यंत सुरक्षेचे अपडेट आहेत. सेल मी बदलून घेणार आहे, तोवर रोज सकाळी बाबा स्वतः तारीख घालतात, पूर्वी कार्यालयात शिक्क्यावरची तारीख फिरवायचे तशी. आतापर्यंत अकरा पानं झालीत. ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर देवनागरीच दिसेल अशा रूपात, आणायचं काम माझ्याकडे. काल फोन आला, “अगं, शेगडीचं मी अर्धवटच लिहिलं होतं तेव्हा. ती नवी फाइल आधी घे.”