वर्दीच्या आतलं

आज एफबीआयचा ऑक्टोबर २००६ चा अहवाल पुन्हा वाचला. विषय, अमेरिकी पोलिसांत शिरलेले श्वेत वर्चस्ववादी. आधी तो बराच मजकूर काळ्या पट्ट्यांनी झाकून बाहेर आला होता. त्या काढलेली प्रत २०२० मध्ये खासदार जेमी रॅस्किन यांनी प्रसिद्ध केली. त्यातला ‘घोस्ट स्किन्स’ हा शब्द नीट समजून घ्यावा असा. खुणा, घोषणा टाळून चारचौघांसारखं राहायचं आणि आतून चळवळीचं काम करायचं. फायदा? छापा कधी, खबऱ्या कोण, हे आधीच कळतं.

भरतीत सापडत का नाहीत? तपासणी गुन्हे शोधते, आणि विचार हा गुन्हा नाही. फ्लोरिडातल्या फ्रूटलँड पार्कमध्ये २००९ मध्ये क्लॅनच्या (कू क्लक्स क्लॅन, ही जुनी श्वेत वर्चस्ववादी संघटना) झग्यातले फोटो निघाले, एका पोलिसाची नोकरी गेली. २०१४ मध्ये तिथेच आणखी दोघांची, त्यांत एक उपप्रमुख! एवढंसं गाव ते.

देशात सुमारे १८,००० पोलीस यंत्रणा, प्रत्येकीची भरती वेगळी. पोलीस म्हणून काम करायचा परवाना रद्द झालेल्यांची राष्ट्रीय यादी आहे, पण तिला माहिती देणं ऐच्छिक. त्यामुळे चौकशी संपायच्या आत राजीनामा टाकला की शेजारच्या काउंटीत नवा बिल्ला मिळू शकतो.