सही एकटीची

मी सातारा जिल्ह्यातील एका बँक शाखेत ठेवींचे काम पाहते. निवृत्तीची रक्कम हातात आलेल्या स्त्रिया आमच्याकडे बहुधा मुलाला किंवा जावयाला घेऊन येतात आणि बोलण्याचे काम तोच करतो. मागे एक परिचारिका आल्या, तेव्हाही सुरुवात तशीच झाली. ‘आईला यातलं काही कळत नाही,’ असे सांगून मुलाने बहुतेक रक्कम शेअर बाजाराशी निगडित म्युच्युअल फंडात घालावी आणि उरलेल्या ठेवीवर आपले नाव जोडावे, असा बेत मांडला.

सिस्टर 58 व्या वर्षी निवृत्त झाल्या होत्या. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला एरवी वयाची साठी पूर्ण लागते. परंतु पंचावन्न ते साठ या वयात सेवानिवृत्त झालेल्यांना निवृत्तीचे लाभ मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत, त्या लाभांइतकी, पण कमाल 30 लाख रुपयांपर्यंतची रक्कम तीत ठेवता येते, हे मी समजावून सांगितले. संयुक्त खाते केवळ जोडीदारासोबत उघडता येते, असे म्हणताच मुलाचा चेहरा उतरला. सिस्टरांचे यजमान हयात नव्हते. त्या प्रथमच बोलल्या : ‘म्हणजे पैसे काढायला माझ्या एकटीचीच सही लागणार ना, मॅडम?’

मग त्यांनी पिशवीतून एक वही काढली. आरोग्य केंद्रातील बायकांची भिशी त्याच चालवत होत्या आणि कोणाचा हप्ता कधी उशिरा आला, हेही त्यात लिहिलेले होते. पतसंस्थेत त्यांची बरीच ठेव होती, कारण पिग्मीवाला रोज दारात येई. बँकेतील ठेवींना असलेले पाच लाखांपर्यंतचे विमासंरक्षण पतसंस्थेला लागू नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. ते त्यांनी वहीत टिपून घेतले.

बचत योजनेत त्यांनी 20 लाख ठेवले. त्या वेळच्या 8.2 टक्के दराने दर तिमाहीला 41 हजार रुपये व्याज येणार होते. आता मुलाचा म्युच्युअल फंडाचा विषय संपला, असे मला वाटत असतानाच त्यांनी एसआयपीची, म्हणजे फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्याची, माहिती विचारली आणि शेअर बाजाराच्या निर्देशांकाबरोबर चालणाऱ्या निर्देशांक फंडात महिन्याला तीन हजारांची एसआयपी ठरवली. ‘ते व्याजातून जातील. खाली आलं तर व्याज जाईल, मुद्दल नाही,’ असे त्यांनी मुलाला सांगितले. बायका जोखमीला भितात, हे आमच्या क्षेत्रात सर्रास बोलले जाते. जोखीम कोणत्या पैशावर घ्यायची, याचा इतका स्वच्छ हिशेब मात्र मी पगारदार पुरुषांकडूनही क्वचितच ऐकला आहे.

नामनिर्देशनात त्यांनी मुलगा आणि मुलगी या दोघांना निम्मा-निम्मा वाटा लिहिला. नामनिर्देशित व्यक्ती आपोआप मालक होत नाही, वारसाहक्क वेगळा असतो, हे मी सांगितल्यावर त्यांनी मृत्युपत्राबद्दल विचारले. त्याला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही, दोन साक्षीदार मात्र हवेत, एवढे ऐकून त्यांनी अर्जावर सही केली आणि पतसंस्थेतील ठेवीची मुदत कधी संपते, ते वहीत पाहू लागल्या.