गम्बोत टोमॅटो

"टोमॅटो? तू काय न्यू ऑर्लिन्सची आहेस का?" शेजारच्या आजी पातेल्यात डोकावून एवढंच बोलल्या आणि मी डाव हातात धरून तशीच उभी.

आम्ही अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या लाफायेटला राहतो, केजन लोकांचा, म्हणजे फ्रेंच वंशाच्या जुन्या स्थलांतरितांचा भाग. आणि गम्बो, म्हणजे इथला दाटसर रस्सा, करणं खायचं काम नाही हो, तेल-मैदा समसमान घेऊन मंद आचेवर पाऊण तास ढवळत राहायचं, डार्क चॉकलेटचा रंग येईपर्यंत, फोन वाजला तरी उचलायचा नाही कारण एक काळा ठिपका दिसला की सगळं फेकायचं. मग कांदा, सेलरी, ढोबळी मिरची, भेंडी, कोळंबीच्या सालांचा स्टॉक, कोळंबी-खेकडा अगदी शेवटी. आजींना दिसला तो टोमॅटो!

न्यू ऑर्लिन्सच्या क्रिओल, म्हणजे तिथल्या शहरी पद्धतीच्या गम्बोत तो बऱ्याचदा असतो, इथे नाही. अंतर किती तर गाडीने सव्वादोन तास. भेंडी आफ्रिकेची, रस्सा दाट करणारी सासफ्रास झाडाच्या पानांची फिले पूड इथल्या मूळ रहिवासी चोक्टॉ लोकांची, केजनांचे पूर्वज स्वतःच 1755 पासून कॅनडाकडच्या अकेडियातून हाकललेले. सगळे एका पातेल्यात नांदतात, टोमॅटो तेवढा परका.

आजींनी वाटीत वरून बटाट्याचं सॅलड घातलं, म्हणे हे चालतं.

मला राग येणार होता, पण आमची आई आठवली. कोळंबीच्या कालवणात कोकमाऐवजी टोमॅटो घातला म्हणून मामीला अजून ऐकवते.

तुमच्याकडे चालतो का कालवणात टोमॅटो? खरं सांगा.