निकाली टक्केवारी सोडा, नोंदीचं वय मोजा

तहसील कार्यालयाच्या मासिक बैठकीत फेरफारांचा (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचा) आढावा बहुधा एकाच आकड्यावर उरकतो: निकाली टक्केवारी, म्हणजे हाती असलेल्या एकूण नोंदींपैकी किती निकाली निघाल्या. कामगिरी मोजायची पद्धत नव्याने बसवायची असेल तर पहिल्यांदा हाच आकडा मुख्य तक्त्यातून काढावा, असं माझं ठाम मत आहे.

समजा, महिन्याच्या सुरुवातीला १२० नोंदी शिल्लक होत्या, २०० नव्या आल्या, २४० निकाली निघाल्या. टक्केवारी ७५, शिल्लक ८०. या ८० पैकी १२ नोंदी सहा महिन्यांहून जुन्या आहेत, हे गोषवाऱ्यात कुठेच दिसत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा ७५ टक्के भरतात आणि त्या १२ जागच्या जागी राहतात. बँकेच्या बोज्याची (जमिनीवरच्या कर्जाची) नोंद आणि तीन पिढ्यांची वारस नोंद, दोन्ही मोजताना एकच धरल्या जातात. मग सोपी नोंद आधी उचलली जाणारच. हा माणसांचा दोष नाही, मोजणीच तसं करायला लावते.

म्हणून नोंदीचं वय, म्हणजे ती किती दिवस कामात आहे, हे मोजायचं. खरा प्रश्न असतो सुरुवात कुठून धरायची हा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे गाव नमुना ६ मध्ये (फेरफार नोंदवहीत) नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस द्यावे लागतात आणि मग मंडळ अधिकारी (काही तलाठ्यांवर देखरेख ठेवणारे) नोंद प्रमाणित करतात. घड्याळ नमुना ६ मधल्या नोंदीपासून सुरू केलं, तर दबाव वाढताच अर्ज नोंद न होता तलाठ्याच्या दप्तरात पडून राहतात आणि तक्ता मात्र सुधारलेला दिसतो. नोंदणीकृत दस्त असेल तर दस्त नोंदणीची तारीख धरा. वारस किंवा बोजा असेल तर ऑनलाइन अर्जाची तारीख, आणि कागदी अर्जावर आवक शिक्क्याची. खातेदाराला दुरुस्त सातबारा मिळू शकतो त्या दिवशी घड्याळ थांबवायचं, आधी नाही.

प्रत्येक नोंदीसाठी एवढे रकाने पुरतात: सजा (तलाठ्याच्या अखत्यारीतलं क्षेत्र), नोंदीचा प्रकार, अर्जाची किंवा दस्त नोंदणीची तारीख, नमुना ६ ची तारीख, नोटीस बजावल्याची तारीख, हरकत आहे की नाही, त्रुटी (अर्जातली उणीव) कळवल्याची आणि पूर्ततेची तारीख, प्रमाणीकरणाची तारीख, दुरुस्त सातबारा मिळू शकल्याची तारीख, मंजूर की रद्द. हा शेवटचा रकाना विसरू नका. रद्द केलेली नोंदही ‘निकाली’तच जाते, आणि मार्चअखेरीस रद्द नोंदींचं प्रमाण अचानक वाढलं तर त्यामागचं कारण तपासायलाच हवं. हरकतीची प्रकरणं नमुना ६-अ मध्ये (विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत) वेगळी जातात, त्यांचा तक्ताही वेगळा ठेवा. दोन्ही एकत्र मिसळले की कुठल्याच आकड्याला अर्थ उरत नाही.

त्रुटीचं घड्याळ हा सगळ्यात अवघड भाग. त्रुटी काढली की घड्याळ थांबतं असा नियम केला, तर मुदत संपायच्या आदल्या दिवशी त्रुटीपत्रं निघू लागतात. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली मुदत चुकल्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो, त्यामुळे हा मोह खराखुरा आहे. उपाय असा, की वयं दोन ठेवायची: अर्जदाराला लागलेले एकूण दिवस आणि त्यातले कार्यालयाकडचे दिवस. शिवाय एकाच अर्जावर दुसऱ्यांदा त्रुटी निघाली तर ती स्वतंत्र मोजायची. सगळ्या त्रुटी एकदाच कळवाव्यात, ही शिस्त त्यातून येते. सहा गठ्ठा पद्धतीतला (कार्यालयातले कागद सहा गठ्ठ्यांत लावायच्या पद्धतीतला) ‘प्रतीक्षाधीन’ गठ्ठाही, म्हणजे दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारे कागद, याच कारणासाठी दर आठवड्याला उघडायला हवा. पाठपुराव्याची तारीख नसलेला कागद तिथे मुरतो.

आता सरासरीचा सापळा. एखाद्या मंडळाने जिद्दीने दोन वर्षांच्या जुन्या नोंदी निकाली काढल्या, तर त्या महिन्यात निकाली नोंदींचं सरासरी वय वाढतं. म्हणजे चांगलं काम करणाराच बैठकीत बोलणी खातो. त्यामुळे आलेल्या महिन्याप्रमाणे मोजा: जानेवारीत आलेल्या २०० पैकी ३० दिवसांत किती पूर्ण झाल्या, ६० दिवसांत किती, ९० दिवसांत किती. ज्या पूर्ण झाल्या नाहीत त्याही या हिशेबात राहतात, गायब होत नाहीत. सोबत महिन्याच्या शेवटच्या दिवशी शिल्लक असलेल्या सर्वात जुन्या दहा नोंदींची क्रमांकासह यादी. तक्त्यातलं हे एक पान वाचलं, तरी बैठक योग्य विषयावर होते.

वयाची खालची टोकंही पाहा. १५ दिवसांची मुदत कायद्याने द्यावीच लागते. नोटीस बजावल्यापासून प्रमाणीकरण १५ दिवसांच्या आत झालेलं दिसलं, तर त्याचं कौतुक करू नका. एक तर तारीख चुकली आहे, नाहीतर हरकतीची मुदत पाळलेली नाही.

आकडे खरे आहेत का, यासाठी दर महिन्याला चिठ्ठ्या टाकून ३० नोंदी काढा आणि अर्जदारांना फोन करा. दोनच प्रश्न पुरतात: अर्ज कधी दिला, नोटीस मिळाली का? हे काम त्याच मंडळातल्या कोणाकडे देऊ नका. आणि पहिले सहा महिने हे आकडे गोपनीय अहवालाशी (कर्मचाऱ्याच्या वार्षिक मूल्यमापनाशी) जोडू नका. आकड्यावर शिक्षा ठरली की तारखा शिक्षेला घाबरून लिहिल्या जातात, आणि एकदा बिघडलेल्या तारखा मागाहून दुरुस्त होत नाहीत.

सज्यांची तुलना करताना तलाठ्याकडे अतिरिक्त कार्यभार किती सज्यांचा आहे हे त्याच ओळीत छापा. अतिवृष्टीचे पंचनामे किंवा निवडणुकीचं काम असलेला महिना मागच्या महिन्याशी ताडू नका. मागच्या वर्षीचा तोच महिना घ्या, आणि त्या वर्षी निवडणूक होती का, हेही शेजारी लिहा.