ड्युटी संपल्यावर साडी का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तुम्ही एकट्यानेच विचारलंय असंही नाही. ज्या आठ-दहा माणसांना माझ्याबद्दल हे माहीत आहे, त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी हाच प्रश्न विचारलाय. बायकोने विचारला, कॉलेजातल्या मित्राने विचारला. माझ्यासारखंच काम करणाऱ्या आणि माझ्यासारखंच लपवणाऱ्या दोघा-तिघांनी फोनवर आवाज खाली करून विचारला. "बारा तास अ‍ॅम्ब्युलन्सवर काढून येता, मग जेवून झोपायचं सोडून साडी कशाला नेसता? टेन्शन जातं का त्याने?"

जातं. पण एवढंच म्हणून थांबलो तर ते अर्धं खोटं होईल. नाव-गाव लिहीत नाही, ते समजून घ्या.

मी 108 वर डॉक्टर आहे. महाराष्ट्रात ही सेवा 2014 मध्ये 937 गाड्यांनिशी सुरू झाली. दर गाडीवर एक डॉक्टर आणि एक ड्रायव्हर असतो, ड्रायव्हरला आम्ही पायलट म्हणतो. बीएएमएस होऊन दुसऱ्याच वर्षी मी लागलो. माझा पट्टा मुंबई-गोवा महामार्गावरचा, त्यामुळे आरटीए जास्त, म्हणजे रस्त्यावरचे अपघात. बाकी छातीत दुखणं, सर्पदंश, विष घेतलेले, ग्रामीण रुग्णालयातून सिव्हिलला रेफर केलेली अडलेली बाळंतपणं.

हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देताना मिनिटाला 100 ते 120 हा वेग धरायचा असतो. छाती 5 ते 6 सेंटिमीटर खाली गेली पाहिजे आणि दर वेळी पूर्ण वर आली पाहिजे. 30 दाब, 2 श्वास. हे सगळं हलत्या गाडीत, घाटातल्या वळणावर, एक पाय स्ट्रेचरच्या दांड्याला अडकवून. पुढे पेशंट उतरवला, कागद झाले, गाडी धुतली, तरी तो वेग हातांतून जात नाही. लग्न नवीन होतं तेव्हा जेवताना बायकोने विचारलं होतं, "अहो, मांडीवर काय मोजताय?" डावा हात आपला मांडीवर चालूच होता. ज्या पेशंटसाठी चालू होता, तो दुपारी चारलाच गेला होता.

आता साडी. माझ्याकडे तीन आहेत. त्यातली आवडती करड्या रंगाची, लाल काठाची, सुती, साडेपाच मीटरची. दार लावतो, आंघोळ आधीच झालेली असते. परकराची नाडी नीट घट्ट बांधायची, ती सैल राहिली तर पुढचं सगळं फुकट. उजवीकडे खोवून एक फेरा घ्यायचा, पदर लांबीला बेतून खांद्यावर टाकायचा, आणि मधे जे कापड उरतं त्याच्या निऱ्या. अंगठा आणि करंगळी ताणून एक निरी, तिच्यावर दुसरी, काठावर काठ. माझ्या सात येतात. घाई केली तर पाच येतात आणि पुढे बोंगा होतो, मग सोडून पुन्हा. इथेही मोजणंच आहे, पण तिसरी निरी चौथीची वाट बघते. तिला उशीर झाला म्हणून कुणी मरत नाही. सातवी निरी हातात येईपर्यंत श्वास लांब झालेला असतो. तो मी मुद्दाम लांब करत नाही, हात संथ झाले की तो आपोआप होतो. सावध राहायला लावणाऱ्या नसांचा जोर ओसरला की नाडी उतरते, हे शरीरशास्त्रात शिकलो होतो. ते कळलं मात्र सुती कापडाने.

बायको म्हणते, तिला साडी नेसायला तीन मिनिटं लागतात आणि त्यात विश्रांती वगैरे काही नसते. तिचं खरं आहे. जिला रोज सकाळी डबे भरता भरता नेसावी लागते, जिला ती नको असताना नेसावी लागते, तिच्यासाठी हे कामच आहे. मला ती हवी तेव्हा नेसता येते, हवी तेव्हा सोडता येते. ही सवलत आहे, ती मी विसरत नाही.

नेसून झाल्यावर मी फार काही करत नाही. खिडकीशी बसतो, चहा घेतो. साडीला खिसा नाही, त्यामुळे फोन दुसऱ्या खोलीत राहतो. सवय नसल्यामुळे मला साडीत धावता येत नाही, आणि ज्याच्या नोकरीचं सगळं धावण्यावर आहे त्याला धावता न येणं म्हणजे काय, हे सांगायला माझ्याकडे शब्द कमी आहेत. गणवेशात मी गाडीतून उतरलो की गर्दी बाजूला होते. नातेवाईक माझ्या तोंडाकडे बघतात, आता हा काहीतरी करेल म्हणून. मी नळी घालतो, हात पुरतील तेवढं करतो, आणि कधी कधी तिथेच मान हलवून सांगावं लागतं. त्या वेळची ती नजर गणवेशाला चिकटून घरापर्यंत येते. साडीतल्या माणसाकडे तसं कुणी कधी बघितलेलं नाही.

इथपर्यंत सांगितलं की ऐकणारा मान डोलावतो. "म्हणजे कामाच्या ताणामुळे होतं तर!" आणि त्याचा चेहरा सैल होतो. मला नेमकं तिथेच थांबवावंसं वाटतं. ताणामुळे नाही. मी सात वर्षांचा होतो तेव्हा 108 नव्हती आणि मला ताणही नव्हता. आजीचं मऊ झालेलं लुगडं होतं, माळ्यावर गोधडीसाठी ठेवलेलं, आणि ते अंगाला लपेटून मी तिथेच बसून राहायचो.

आमचं मूळ गाव सिंधुदुर्गात. माझा मामा दशावतारात स्त्रीपार्टी करायचा. दिवसा चिरेखाणीवर चिरे काढायचा आणि जत्रेच्या रात्री तारामती व्हायचा. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. पेटी, पखवाज आणि झांजेच्या साथीवर नट आपल्या मनाने बोलतो. नट आपापला रंग स्वतःच लावतो. मामा पेटाऱ्याशेजारी बसून, हातात एवढासा आरसा धरून, खाणीत फाटलेल्या बोटांनी भुवई काढायचा. चेहऱ्यावर रंग चढत जाई तसा त्याचा आवाजही खाली येई. पहाटे दहीकाल्यापर्यंत अख्खं गाव त्याच्या रडण्यावर रडायचं. त्याच मामाने मला माळ्यावर लुगड्यात बघितलं आणि थोबाडीत दिली. म्हणाला, "ता नाटकात चलता, घरात नाय."

हे वाक्य मी बरीच वर्षं बरोबर घेऊन हिंडलोय. आपल्याकडे पुरुषाने बाईचे कपडे घालणं नवीन नाही, फक्त त्याला परवाना लागतो. शिमग्याला गोमू नाचते तेव्हा साडीत बाप्याच असतो, त्याला सणाचा परवाना. नाटकात परवाना कलेचा. बालगंधर्वांची साडी नेसण्याची आणि दागिने घालण्याची तऱ्हा घरंदाज बायका उचलायच्या, इतका तो परवाना मोठा होता. 12 मार्च 1911 ला मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली आणि तरी ते नाटकाची नायिका भामिनी होऊन उभे राहिले. ही गोष्ट आपण कर्तव्याची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण मी स्वतः ब्रॉट डेड, म्हणजे दवाखान्यात पोचण्याआधीच गेलेली, बाळं हातात घेतली आहेत, त्यामुळे ती आठवली की मला नेहमी वाटतं, त्या रात्री त्या माणसाला भामिनीच्या शालूने थोडंतरी झाकून घेतलं असेल.

माझा परवाना ताणाचा. अपघात बघितले, रक्त बघितलं, मग थोडं मऊ व्हायची मुभा मिळाली. ही मुभा मी बरीच वर्षं वापरली, बायकोला सांगतानासुद्धा तीच पुढे केली. आता मला ती नको वाटते, कारण तिचा अर्थ असा निघतो की ज्याने मरणं बघितली नाहीत त्याने मऊ व्हायचं नाही. आणि उद्या मी ही नोकरी सोडली तर साडीही सोडावी लागेल? नाही सोडणार. साडी आधीची आहे. नोकरीने तिला फक्त एक काम दिलं.

माझ्या ओळखीत एक फायरमन आहेत, पन्नाशीला आलेले. ते साडी नेसत नाहीत. पायाच्या नखांना गडद लाल नेलपॉलिश लावतात आणि वर गमबूट घालून आगीवर जातात. दर 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो. 1944 मध्ये मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' बोटीचा स्फोट झाला, त्यात गेलेल्या जवानांना त्या दिवशी मानवंदना देतात. ते म्हणाले, "रांगेत ताठ उभा असतो, सगळे शौर्यावर बोलत असतात. आणि आत बुटात माझी दहा बोटं माझी असतात." ताण जातो का, असं त्यांना मी कधी विचारलं नाही.

"हा आजार आहे का?" हा पोटप्रश्नही येतोच. मी पूर्वी एका डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी पाच मिनिटांत गोळ्या लिहिल्या आणि म्हणाले, मुलगा मोठा व्हायच्या आत हे बंद करून टाका. मी त्या घेतल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या रोगयादीत असे कपडे घालण्याला दोन वेगवेगळे क्रमांक देऊन विकार ठरवलं होतं. 2019 मध्ये मंजूर झालेल्या आणि 1 जानेवारी 2022 पासून लागू असलेल्या यादीत ते दोन्ही नाहीत. मी पुरुष आहे, तसाच मला वाटतो, साडीतही. कुणी मनाने बाईच असेल आणि जगाने तिला पुरुष म्हणून वाढवलं असेल, तर तिचं दुःख वेगळं आणि फार मोठं आहे. ते माझ्या दोन तासांच्या साडीत मावणार नाही, आणि मी ते माझं म्हणून सांगू नये.

पण माझ्यासारखे जे फोन करतात त्यांना एक गोष्ट मी आधी सांगतो. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा आम्ही ड्युटीवर होतो. नंतरचे कित्येक दिवस चिखल, वास आणि मोजणी. मी घरी आलो, दार लावलं, साडी नेसली. सात निऱ्या आल्या, अगदी सरळ आल्या, आणि काहीही झालं नाही. छातीत पाणी तसंच. पुढचे दोन महिने झोप नव्हती, गाडीचं मागचं दार उघडायच्या आधी माझे हात कापायचे. साडी रोजच्या थकव्यावर चालते, अशा जखमेवर चालत नाही. तेव्हा मी समुपदेशक बाईंकडे गेलो, आणि त्या निमित्ताने हेही सांगितलं. बाईंनी साडीबद्दल एकच विचारलं, "कुठल्या रंगाची?" आणि मग पुरावर आल्या. त्यांच्याकडे मी सात महिने जात होतो. आता टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेचा, 14416 हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं. आपल्या खात्यात कळेल म्हणून घाबरणाऱ्यांना मी तो देतो. झोप गेली असेल, हात कापत असतील, मनात मरायचे विचार येत असतील, तर कपाट नंतर उघडा, आधी तिथे बोला.

बायकोला सांगितलं त्याला आता सहा वर्षं होतील. ती त्या रात्री काही बोलली नाही आणि सकाळी मुलाला घेऊन माहेरी गेली. तीन आठवड्यांनी परत आली ती अटी घेऊन. मुलासमोर नाही. तोंडाला रंग नाही, तो तिला सहन होत नाही. आणि "माझ्या साड्यांना हात लावायचा नाही, स्वतःच्या घ्या." मग मी घेतली. दुकानदाराने वहिनींना कुठला रंग शोभतो ते विचारलं, मी करडा म्हणालो. तोंडाला रंग लावावासा मला अजून वाटतो. तिला तो अजून नको आहे. तिथे आम्ही दोघंही थांबलो आहोत.

साडी नेसायला एकटा माणूस पुरतो, घडी घालायला पुरत नाही. पहिलं वर्षभर मी ती पलंगावर पसरून एकटाच घालायचो आणि ती तिरकी व्हायची. एका रात्री दारावर टकटक झाली. बायको आत आली, माझ्याकडे न बघता साडीचं दुसरं टोक उचललं आणि म्हणाली, "काठ धरा." तेव्हापासून असंच. मी खोलीच्या या टोकाला, ती त्या टोकाला. कापड ताणून एक झटका द्यायचा, दोन पावलं पुढे यायचं, तिची टोकं माझ्या हातात, ती वाकून खालची दुमड उचलते, पुन्हा मागे. लग्नानंतर कितीतरी वर्षं मी घरी केस सांगत नव्हतो, तिने विचारलं तर "नेहमीचंच" म्हणायचो. घडी घालताना दोघांचेही डोळे काठावर असतात.

परवा तिसऱ्या दुमडीला ती म्हणाली, "आज कोण होतं?"

"शाळेतून येणारी मुलगी," मी म्हणालो. "सायकलवर होती."

"कितवीतली?"

"सातवीतली. पोचवली सिव्हिलला. आहे अजून."

तिने टोकं माझ्या हातात दिली आणि खाली वाकली.