हाऊ कम म्हणजे काऊन

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं पत्र पुण्यात हाती पडलं आणि आधी आठवले ते इंग्रजीचे सर. नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत नुसतं 'सर' म्हटलं की दुसरं कुणी डोळ्यापुढे येतच नाही.

नववीत होतो. कापसाची वेचणी चालू होती. सकाळी आईसोबत दोन पाती वेचून सायकल हाणत आलो, तोवर पहिला तास अर्धा झालेला. सरांनी दारातच विचारलं, "हाऊ कम यू आर लेट?"

"बाय सायकल, सर."

वर्ग हसला. सरांनी नुसतं वळून पाहिलं, सगळे चूप. "हसता काऊन? हाऊ म्हणजे कसं, कम म्हणजे येणं. त्यानं बरोबर जोडलं. पण हे दोन शब्द एकत्र आले की त्याचा अर्थ होते काऊन. काऊन उशीर झाला?" मग फळ्यावर 'व्हाय आर यू लेट' लिहिलं, खाली 'हाऊ कम यू आर लेट', आणि जागा बदललेल्या 'आर'भोवती खडूनं गोल काढला. शेजारी लिहिलं, काऊन. आमच्या घरातला शब्द इंग्रजीच्या मांडीला मांडी लावून बसलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. उशिराबद्दल सर काहीच बोलले नाहीत. वेचणीचे दिवस त्यांना ठाऊक होते.

'पुलिंग माय लेग'चा अर्थ आम्ही सगळ्यांनी 'पाय ओढणे' लिहिला, तेव्हा म्हणाले, "आपल्याकडं पाय ओढणारा वैरी असते, त्यांच्याकडं थट्टा करणारा दोस्त."

आज माझं काम अमेरिकेतल्या ग्राहकांशी बोलण्याचं आहे. एकदा तिकडून 'लेट्स टेबल इट' आलं आणि आमची मंडळी लगेच चर्चेला सरसावली. मी थांबवलं. इंग्लंडात टेबल करणं म्हणजे विषय चर्चेला घेणं, अमेरिकेत तो बाजूला ठेवणं. या एका शब्दावरून दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांचा लांबलचक वाद झाल्याचं चर्चिलनं लिहून ठेवलंय, हे सरांनी दहावीतच सांगितलं होतं. पुढे त्या गटाची जबाबदारी माझ्याकडे आली.

आम्हाला इंग्रजी पाचवीपासून होतं, 2000 साली ते पहिलीपासून झालं. तरी गावातली पोरं व्हॅनमध्ये बसून तालुक्याला जातात. आपले वर्ग ओस पडताना पाहून जीव तुटतो.

गेल्या दिवाळीत सरांकडे गेलो. ऐकू कमी येतं. "तिकडं पोरं नवीन काय बोलतात?" मी सांगितलं, चहा घेणार का विचारलं तर 'आय ॲम गुड' म्हणतात, म्हणजे नको. सरांनी उशाखालची वही काढली, चष्मा लावला आणि थरथरत्या हातानं ते लिहून घेतलं.