हाडातल्या स्फटिकांची दिशा मोजताना

हाड दळलं की त्यात कोणतं खनिज आहे ते कळतं, पण ते कुठल्या दिशेला लागलेलं होतं ही माहिती कायमची जाते. म्हणून एक्स-रे विवर्तनाने (स्फटिक किरणांना कुठल्या कोनांत वळवतात ते पाहून) दिशा मोजायची तर खरं काम एक्स-रेच्या आधी, काप घेतानाच होतं.

हाडातलं खनिज म्हणजे कार्बोनेटयुक्त हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट, जेमतेम काही नॅनोमीटर जाडीच्या चकत्या. त्यांचा सी-अक्ष (स्फटिकाची लांब दिशा) कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंना धरून असतो. लांब हाडात तो लांबीच्या दिशेने, कवटीत पृष्ठभागालगत पसरलेला. जबड्यात तो दातांच्या रांगेला धरून जातो आणि दाताच्या अगदी जवळ चावण्याच्या जोराकडे वळतो. हाडाची घनता हे सांगत नाही.

सरावाला बोकडाची नळी उत्तम, पण कच्ची. उकळल्यावर कोलॅजन बिघडतं. कापण्याआधी वरची आणि पुढची बाजू कानशीच्या खाचेने दाखवा. मार्करची शाई अल्कोहोलमध्ये निघून जाते. मज्जा आणि चरबी काढा, हिऱ्याच्या पात्याने हळू गतीवर, पाणी सोडत २ मिमीचे काप घ्या: एक आडवा (हाडाच्या लांबीला काटकोनात), एक उभा (लांबीच्या दिशेने). ६०० आणि मग १२०० नंबरच्या पॉलिश पेपरवर पाण्यात घासा. आम्ल किंवा ईडीटीए (कॅल्शियम ओढून घेणारं रसायन) अजिबात नको, खनिजच विरघळेल.

कॉपर के-अल्फावर (तांब्यापासून मिळणारे एक्स-रे) टू-थीटा, म्हणजे किरण वळण्याचा कोन, २४ ते ४२ अंश, ०.०२ अंशाची पायरी. ००२ चं शिखर (सी-अक्षाला काटकोनात असलेल्या प्रतलांचं, म्हणजे अणूंच्या थरांचं) २५.९ जवळ, ३१० चं (सी-अक्षाला समांतर प्रतलांचं) ३९.८ जवळ. मधली ३२ च्या आसपासची शिखरं एकमेकांत मिसळून एकच उंचवटा होतो, तो सोडून द्या. ३१० बुटकं आणि पसरट असतं, कारण चकती त्या दिशेला पातळ आहे. तिथे जास्त वेळ मोजा आणि उंची नाही, शिखरांच्या क्षेत्रफळाचं गुणोत्तर (००२ भागिले ३१०) घ्या.

हमखास चूक इथे होते. नळीची भिंत ३ मिमीच्या आसपास, आणि कमी कोनात किरणांचा पट्टा लांब पसरतो. तो कापाबाहेर सांडला की ००२ ला कमी हाड मिळतं, ३१० ला जास्त, आणि गुणोत्तर खोटं पडतं. कॉलिमेटर (झोत बारीक करणारी नळी) लावा, नाहीतर स्लिट (किरणांच्या वाटेतली फट) अरुंद करा.

आता उरलेला तुकडा मात्र जरूर दळा. त्याच यंत्रावर, त्याच स्लिटने मोजलेली ही पावडर म्हणजे तुमची ‘दिशाहीन’ पातळी. हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटच्या संदर्भ-तक्त्यात शिखरांच्या उंचीचं हे गुणोत्तर २ आहे. परावर्तनात (किरण पृष्ठभागावरून परत येतात अशा या मोजणीत) फक्त पृष्ठभागाला समांतर असलेली प्रतलं दिसतात, त्यामुळे आडव्या कापाचं गुणोत्तर पावडरीच्या वर आणि उभ्याचं खाली यायला हवं.

०.२ मिमीचा काप करून किरण आरपार पाठवले तर शिखराऐवजी गोल कडं उमटतं, आणि ००२ चं कडं कमानीसारखं तुटलेलं दिसतं. कमान जितकी आखूड तितकी शिस्त जास्त. फक्त, ज्या स्फटिकांचा सी-अक्ष किरणाच्याच दिशेने आहे ते इथे दिसतच नाहीत. आडव्या कापात म्हणूनच फिकट, जवळजवळ पूर्ण कडं येतं. उभा काप लावून बघितल्याशिवाय त्या कड्यापुढे वहीत ‘विस्कळीत’ लिहू नका.